जीपवाले के. सी. महिंद्रा

तुळजापूर-नळदुर्गच्या रस्त्यावर जुनी जीप दिसली की आपली मान वळतेच! ही गाडी भारतात रुजवली ती कैलासचंद्र महिंद्रा यांनी. जन्म लुधियानाचा, शिक्षण केंब्रिजचं. 1942 मध्ये सरकारी खरेदीच्या कामावर ते अमेरिकेत गेले. युद्धासाठी बनलेली विलीज जीप तिथं त्यांच्या नजरेत भरली.

1945 मध्ये थोरले भाऊ जगदीशचंद्र आणि गुलाम मोहम्मद यांच्यासोबत त्यांनी कंपनी काढली. पुढं माझगावला जीपची जुळणी सुरू झाली. याच काळात फाळणी झाली. भागीदार पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री झाले. 1951 मध्ये थोरले भाऊही वारले. तरी कैलासचंद्र डगमगले नाहीत. 1963 मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी कंपनी सांभाळली.

मेकॅनिकलवाल्यांनो, त्या जीपला पुढं-मागं सरळ अ‍ॅक्सल आणि कमानपाटे होते. दुरुस्ती सोपी, उंची कामापुरती. आज कुणी रोजच्या गाडीला लिफ्ट किट टाकायचं म्हणतो, तेव्हा हेच आठवावं. गाडी जास्त उचलली की गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर कलंडायची भीती वाढते, प्रोपेलर शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात झिजतात. महिंद्रांनी आधी आपला रस्ता पाहिला, मग गाडी निवडली. आपणही तेच करावं, नाही का?