सातपूरच्या कामगाराच्या दवाखान्याच्या बिलामागे बाबासाहेबांच्या खात्याचं काम आहे

नाशिक आणि बाबासाहेब म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. २ मार्च १९३० ला सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा. पण नाशिकशी जोडलेली तिसरी गोष्ट सातपूर-अंबडच्या कामगारांच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला दिसते. ती म्हणजे ईएसआयची कपात.

आजारपण काय असतं हे बाबासाहेबांनी घरातच पाहिलं होतं. १४ एप्रिल १८९१ ला महू इथं त्यांचा जन्म झाला आणि लहानपणीच आई भीमाबाई गेल्या. पुढे कोलंबिया, लंडन असं शिक्षण झालं, पण संसार ओढाताणीचाच राहिला. त्यांची चार मुलं लहानपणीच गेली. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ ला रमाईही गेल्या.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. तेव्हा गिरणी कामगाराची अडचण साधी होती. आजारी पडला की रोज बुडायचा आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरचं बिल समोर यायचं. खिशात काही नसताना पैसे द्यायची वेळ. त्यात डॉक्टरचीही पंचाईत. फी मागितली तर पेशंट औषध अर्धवट सोडणार, नाही मागितली तर दवाखाना चालणार कसा?

मार्च १९४३ मध्ये सरकारनं कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम अर्थतज्ज्ञ प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे दिलं. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू या उद्योगांपासून सुरुवात करावी, असं त्यात होतं. धडधाकट असताना कामगारानं थोडे पैसे भरायचे, मालकानंही भरायचे आणि आजारपणात उपचार व बुडालेल्या पगाराची भरपाई त्या निधीतून करायची, ही मूळ कल्पना.

१९४६ मध्ये बाबासाहेब मजूर खात्यातून बाहेर पडले. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये झाला, तेव्हा ते देशाचे कायदा मंत्री होते. म्हणजे योजना अदारकरांची आणि कायदा नंतरचा, पण पाया घातला गेला तो बाबासाहेब मजूर मंत्री असताना. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले, तेव्हा ती नुकतीच रांगायला लागली होती.

आज महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे. तिथं नसलेल्या उपचारांसाठी पेशंटला करार केलेल्या खासगी हॉस्पिटलमध्ये पाठवतात.

मग बिलाचा प्रश्न सुटला का? पेशंटपुरता बराचसा सुटला. डॉक्टरसाठी मात्र त्याचं रूप बदललं. आता बिल पेशंटकडे न जाता कार्यालयात जातं. रेफरल लेटर, विमा क्रमांक, तपासण्यांचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड असं सगळं जोडावं लागतं. दर सरकारनं ठरवलेले असतात. एखादा कागद कमी पडला की बिल अडकतं आणि पैसे उशिरा आले की छोट्या हॉस्पिटलला असे पेशंट घेणं जड जातं. त्याचा फटका शेवटी कामगारालाच बसतो.

म्हणून पुढच्या वेळी स्लिपवर ती कपात दिसली, तर आपलं ईएसआय कार्ड चालू आहे का आणि त्यात घरच्यांची नावं आहेत का, हे आजच बघून ठेवा. ऐन आजारपणात कागद शोधायची वेळ येऊ नये.