मासा, मीठ आणि किडनी : होमर स्मिथची गोष्ट

होमर म्हटलं की आपल्या मुलांना टीव्हीवरचा डोनट खाणारा होमर सिम्पसन आठवतो आणि मोठ्यांना ग्रीक महाकवी. मी आज ज्या होमरबद्दल लिहिणार आहे, तो या दोघांपैकी कोणीच नाही. होमर विल्यम स्मिथ हा अमेरिकन शास्त्रज्ञ. त्याने उमेदीच्या काळातले कित्येक उन्हाळे माशांच्या लघवीचा अभ्यास करण्यात घालवले. हसू नका मंडळी! तुमच्या-माझ्या किडनीची तब्येत आज ज्या आकड्यावर ठरते, त्या आकड्याची वाट या माशांवरूनच गेलेली आहे.

मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. या विषयात शिरलो तो वडिलांमुळे. त्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे. दर काही महिन्यांनी पुण्याहून रिपोर्ट फोनवर येतो आणि आम्ही नवरा-बायको त्यातली एकच ओळ आधी शोधतो : ईजीएफआर. आकडा साठच्या वर आहे ना, एवढं बघितलं की जीव भांड्यात पडतो. पण हा आकडा म्हणजे नेमकं काय? पोट न उघडता किडनी किती काम करते हे कळलं तरी कसं? हे शोधता शोधता मला स्मिथ भेटला.

त्याचा जन्म २ जानेवारी १८९५ चा, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरचा. लहानपण गेलं क्रिपल क्रीक या सोन्याच्या खाणींच्या गावात. १९१७ साली डेन्व्हर विद्यापीठाची पदवी घेतली आणि पहिल्या महायुद्धात तो लष्कराच्या विषारी वायूंवरच्या संशोधनात दाखल झाला. तिथे त्याला ई. के. मार्शल हा शास्त्रज्ञ भेटला. हा मार्शल पुढे किडनीच्या संशोधनात मोठं नाव झाला. स्मिथने १९२१ साली जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टरेट मिळवली. मग एका औषध कंपनीची नोकरी, हार्वर्ड, व्हर्जिनिया असं करत १९२८ साली तो न्यूयॉर्क विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचा प्रमुख झाला आणि १९६१ पर्यंत तिथेच राहिला. उन्हाळा मात्र मेन राज्यातल्या माउंट डेझर्ट बेटावर, सॉल्सबरी कोव्हच्या सागरी प्रयोगशाळेत.

त्याला पडलेला प्रश्न अगदी साधा होता. समुद्रातला मासा सुकून का जात नाही?

कोशिंबिरीसाठी काकडी चिरून मीठ लावून ठेवली की तिला पाणी सुटतं. समुद्रातल्या माशाची अवस्था तशीच. त्याच्या रक्तातलं मीठ समुद्राच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. गोड्या पाण्यातल्या माशाचं नेमकं उलटं, तो भिजत घातलेल्या मनुकेसारखा फुगायला हवा. दोघंही मजेत जगतात, म्हणजे आत काहीतरी यंत्रणा चालू असणार.

स्मिथने समुद्राच्या पाण्यात फिनॉल रेड नावाचा रंग मिसळला आणि त्यात मासे सोडले. रंग माशांच्या आतड्यात सापडला. म्हणजे मासा समुद्राचं पाणी चक्क पितो! पण मग मीठ कुठे जातं? रक्तापेक्षा खारट लघवी करणं माशाच्या किडनीला जमत नाही. १९३० साली स्मिथने हिशोब मांडला. मॅग्नेशियम आणि सल्फेट लघवीतून व विष्ठेतून जातात, पण साध्या मिठाचा बराचसा भाग तिथे सापडत नाही, तो कल्ल्यांतूनच बाहेर पडत असला पाहिजे. पुढच्या एक-दोन वर्षांत अँसेल कीजने ईलच्या कल्ल्यांवर प्रयोग करून ते दाखवलं आणि विल्मरबरोबर मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशीही शोधल्या. जमाखर्च जुळत नाही म्हणून न दिसणारी वाट शोधायची, हे आम्हा डीबगिंगवाल्यांना चांगलंच कळतं.

शार्कने याच अडचणीवर वेगळा उपाय काढला आहे. तो रक्तात यूरिया साठवतो. माणसाच्या शंभर मिलिलिटर रक्तात यूरिया साधारण २० ते ४० मिलिग्रॅम असतो, शार्कच्या रक्तात जवळपास दोन ग्रॅम! एवढ्या यूरियाने आपण अंथरूण धरू, शार्क मात्र त्याच्याच जोरावर पाणी टिकवून ठेवतो. मालवणकडच्या मंडळींना याचा पुरावा नाकानेच मिळालेला आहे. मोरी जरा शिळी झाली की जो उग्र वास सुटतो, तो या यूरियाचा अमोनिया झाल्याचा. स्मिथ या शोधात मलायातल्या पेराक नदीपर्यंत गेला, गोड्या पाण्यात शिरणारे शार्कचे भाऊबंद काय करतात ते बघायला.

त्याआधी १९२८ साली गुगनहाइम शिष्यवृत्तीवर तो आफ्रिकेत जाऊन आला होता, फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या माशासाठी. तळं आटलं की हा मासा चिखलात स्वतःला गाडून घेतो आणि वर्षाहून जास्त काळ अन्नपाण्याशिवाय काढू शकतो. या काळात तो स्वतःचेच स्नायू जाळतो आणि विषारी अमोनियाऐवजी यूरिया बनवून तो पाऊस येईपर्यंत अंगात साठवतो. या माशाच्या स्थानिक नावावरून स्मिथने १९३२ साली 'कामोंगो' हे पुस्तक लिहिलं. बोटीवरचा एक शास्त्रज्ञ आणि एक धर्मगुरू यांच्या त्यात गप्पा आहेत. ते सामान्य वाचकांतही गाजलं.

आता आपल्या आकड्याकडे येऊ. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात, त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. रक्त तिथे गाळलं जातं आणि पुढच्या नळ्यांमध्ये कामाचं पाणी नि क्षार परत घेतले जातात. दर मिनिटाला किती गाळलं जातं हे मोजायचं, तर असा पदार्थ हवा जो गाळणीतून सहज पडेल, पण ज्याला नळ्या परतही घेणार नाहीत आणि स्वतःहून बाहेरही टाकणार नाहीत. तो सापडला डेलियाच्या कंदात आणि चिकरीच्या मुळात : इन्युलिन. हे इन्सुलिन नव्हे हं! हल्ली फायबर म्हणून प्रोटीन बारच्या वेष्टनावर दिसतं, तेच.

इथे मासे पुन्हा कामाला आले. गूजफिश आणि टोडफिशसारख्या काही समुद्री माशांच्या किडनीत गाळण्याच नसतात, नुसत्या नळ्या. अशा माशांना इन्युलिन टोचलं तर ते लघवीत उतरत नाही. म्हणजे नळ्या ते बाहेर टाकत नाहीत, हे नक्की झालं. १९३४ साली स्मिथचा सहकारी जेम्स शॅनन याने डॉगफिशवर इन्युलिन तपासलं आणि १९३५ साली दोघांनी माणसावरचे निष्कर्ष छापले. त्याच सुमारास फिलाडेल्फियात ए. एन. रिचर्ड्सही स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता. मिनिटाला लघवीत किती इन्युलिन आलं, त्याला रक्तातल्या प्रमाणाने भागायचं, की उत्तर हातात. निरोगी तरुण माणसात ते मिनिटाला साधारण १२० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १७० लिटरच्या आसपास. आपल्या भाषेत हे ब्लॅक बॉक्स टेस्टिंग! आज लॅब इन्युलिन टोचत बसत नाही, रक्तातल्या क्रिएटिनिनवरून सूत्राने अंदाज काढते. पण ती सूत्रं प्रत्यक्ष मोजलेल्या गाळणीशी ताडूनच बनवलेली आहेत.

स्मिथने या मोजमापाचा धाकही वापरला. त्या काळी रक्तदाब वाढला की एक किडनी काढून टाकायची लाट आली होती. १९५६ साली त्याने अशा शस्त्रक्रियांचा हिशोब मांडला. गुण आला होता साधारण चौथाई रुग्णांनाच. किडनी काढण्याआधी ती खरोखर दोषी आहे का ते तपासा, हे त्याचं सांगणं होतं.

त्याचं सगळंच बरोबर ठरलं असं नाही. पाठीच्या कण्याचे पहिले प्राणी गोड्या पाण्यात घडले आणि जास्तीचं पाणी उपसायला ग्लोमेरुलस आला, हा विचार त्याने १९५३ च्या 'फ्रॉम फिश टू फिलॉसॉफर'मध्ये रंगवून मांडला. आज बहुतेक अभ्यासक त्यांचा उगम समुद्रातच मानतात. त्याची मोजमापं मात्र टिकली. १९४८ साली त्याला लास्कर पुरस्कार मिळाला, १९५१ साली किडनीवरचा त्याचा हजार पानांचा ग्रंथ आला. २५ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कला तो गेला. अमेरिकेतल्या किडनीतज्ज्ञांचा एक मोठा पुरस्कार आज त्याच्या नावाने दिला जातो.

आपल्यापैकी बरेच जण फॉल कलर्स बघायला अकेडिया नॅशनल पार्कला जातात. ते याच माउंट डेझर्ट बेटावर आहे आणि स्मिथची प्रयोगशाळा बार हार्बरपासून थोड्याच अंतरावर, आजही चालू आहे. पुढच्या वेळी गाडी तिकडे जरूर वळवा. आणि हो, दिवाळीचा फराळ झाला की आपला आणि भारतातल्या आईवडिलांचा ईजीएफआर एकदा बघून घ्या. मधुमेह आणि रक्तदाब आपल्या घराघरांत आहेत आणि किडनी बरीच बिघडेपर्यंत तक्रार करत नाही.