भाभांचा कणवर्षाव आणि घरचा बंद पडणारा संगणक

घरचा संगणक चालता चालता बंद पडतो, पडदा निळा होतो आणि पुन्हा सुरू केला की जणू काही झालेच नाही असा चालू लागतो. यावर एक भारदस्त स्पष्टीकरण कुणीतरी हमखास देते: अवकाशातून आलेल्या कणाने मेमरीतला एक बिट उलटवला. असे खरोखर घडते. पण घरगुती संगणक वारंवार बंद पडण्याचे ते कारण बहुधा नसते. हे अवकाशी कण वातावरणात कसे वाढत जातात, याचे गणित मांडणाऱ्यांत एक मुंबईकर होता: होमी जहांगीर भाभा.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी जन्मलेल्या होमींनी इंजिनीअर होऊन टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, अशी घरच्यांची इच्छा होती. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाचा ओढा भौतिकशास्त्राकडे आहे हे दिसल्यावर वडिलांनी अट घातली: आधी इंजिनीअरिंगमध्ये पहिला वर्ग, मग गणित. १९३० मध्ये होमींनी ती पूर्ण केली. यंत्राचे शिक्षण वाया गेले नाही, हे पुढे दिसले.

त्या काळी विश्वकिरण हे मोठे कोडे होते. उपकरणांत कधी कधी एकाच वेळी कणांचा झोतच्या झोत उमटे. एवढे कण एकदम येतात कुठून? भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये त्याचे उत्तर दिले. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना प्रकाशकण बाहेर टाकतो, त्या प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार होते, त्यांच्यापासून पुन्हा प्रकाशकण. एकाचे दोन, दोनाचे चार, असा वर्षाव खाली उतरतो. काही कण मात्र जाड शिसे भेदूनही पलीकडे जात. ते या हिशेबात बसत नव्हते. भाभांनी दोन घटक वेगळे काढले आणि भेदून जाणारे कण इलेक्ट्रॉनपेक्षा जड असले पाहिजेत, असे सुचवले. जे समजले ते बाजूला काढायचे आणि उरलेल्याकडे बघायचे, ही रीत रोगनिदानाचीच.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले आणि युद्ध सुरू झाल्याने इथेच राहिले. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन चालू ठेवले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली.

देशात संगणक विकत मिळण्यासारखी स्थिती नसताना भाभांनी तो इथेच बांधायला पाठबळ दिले. रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने १९५० च्या दशकाच्या मध्यात काम सुरू केले आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र चालू झाले. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचे नाव ठेवले: टिफ्रॅक. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. मेमरी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. एका नळीचे सरासरी आयुष्य १०,००० तास धरले, तरी २,७०० नळ्यांत सरासरी दर पावणेचार तासांनी एक निकामी होणार. अशा यंत्रात बिघाड शोधणे हा रोजच्या कामाचाच भाग. आज संगणक महिन्यातून एकदा अडला तरी आपण वैतागतो!

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला निघालेल्या भाभांचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. ते ५६ वर्षांचे होते. मेमरी चिपवर आली ती त्यानंतर. १९७८ मध्ये इंटेलच्या संशोधकांनी दाखवले की, चिपच्या वेष्टणातल्या किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात. पुढच्याच वर्षी विश्वकिरणांवरही बोट ठेवले गेले. यात मुख्य गुन्हेगार भाभांचे इलेक्ट्रॉन नव्हेत, तर विश्वकिरण हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळून सुटणारे न्यूट्रॉन. २००३ मध्ये बेल्जियममधल्या एका निवडणुकीत एका उमेदवाराला ४,०९६ मते जास्त मिळाली. हा आकडा म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणून बिट उलटल्याचा संशय घेतला गेला. सिद्ध मात्र काही झाले नाही.

उलट बाजूची साक्ष जास्त भक्कम आहे. गुगलच्या सर्व्हरांतील मेमरीचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत चुका आढळल्या आणि त्यांत सदोष पट्टीमुळे होणाऱ्या चुकांचाच वाटा मोठा दिसला. अवकाशातला कण एका जागी पुन्हा पुन्हा येत नाही. खराब पट्टी मात्र त्याच जागी पुन्हा चुकते.

बदलापूरजवळच्या चामटोलीत संगणक अडत असेल, तर भाभांसारखे एकेक कारण वेगळे काढावे. तिथला उन्हाळा कडक, पावसाळा दमट. जड काम सुरू केल्यावर थोड्या वेळाने बंद पडत असेल, तर आधी पंख्यावरची धूळ आणि प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट बघावी. निळा पडदा न येता एकदम वीज गेल्यासारखा बंद होत असेल, तर संशय पॉवर सप्लायवर. तो दुसरा लावून बघावा, पण त्याची पेटी उघडू नये, प्लग काढल्यावरही आत विजेचा साठा राहतो. निळा पडदा वेगवेगळ्या कारणांनी येत असेल, तर मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवावा. चूक दिसली की एकच पट्टी ठेवून पुन्हा चालवावा, मग तीच पट्टी दुसऱ्या खाचेत. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी बदलायची, खाचेपाशीच राहिली तर मदरबोर्ड. पट्टी काढण्याआधी प्लग काढून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तर नक्कीच.