राष्ट्रसंत तुकडोजी महाराज व गावाची सायंप्रार्थना

वऱ्हाडच्या काळ्या मातीत जसा कापूस पिकला, तसे संतही पिकले. या मालिकेतील वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे स्मरण जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे गरीब घरी झाला. पाळण्यातील नाव माणिक, वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. शाळेपेक्षा भजनाकडे ओढा अधिक, त्यामुळे शिक्षण लवकरच थांबले. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना पदरी घेतले आणि माणिकचे तुकडोजी झाले. रामटेक, सालबर्डीच्या अरण्यात त्यांनी साधना केली. परंतु अरण्यात रमून न राहता हाती खंजिरी घेऊन ते गावोगाव फिरले. १९३५ साली मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९४२ च्या लढ्यात चिमूर-आष्टीची जनता पेटून उठली. त्या वेळी महाराजांना कारावास घडला. १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेस ते गेले. ग्रामगीता लिहून त्यांनी गाव हाच देव मानला.

पण आमच्या मते त्यांची सर्वांत मोठी देणगी म्हणजे सामुदायिक प्रार्थना. पहाटे ध्यान, सायंकाळी प्रार्थना. तीस ना खर्च, ना मानपान. पाटील आणि मजूर, सवर्ण आणि दलित एकाच ओळीत मांडी घालून बसत. रोज एकत्र बसणाऱ्यांना एकमेकांचे सुखदुःख आपोआप कळते. कोणाचा बैल मेला, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे निराळे सांगावे लागत नाही.

आमच्या गावीही एके काळी दिवेलागणीला घंटा झाली की माणसे देवळात जमत. प्रार्थनेनंतर पारावर बैठक होई व धुऱ्याचे तंटे तेथेच मिटत. पुढे घरोघरी दूरदर्शन आले, नंतर हाती मोबाईल आला, आणि पार ओस पडला. प्रस्तुत लेखक तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे. आज तेच धुऱ्याचे तंटे अर्ज होऊन टेबलावर येतात. शेजारी शेजारी राहणारे दोघे तारखेच्या दिवशी एका बाकावर बसतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. हे पाहून मन खिन्न होते.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांनी मोझरी येथे देह ठेवला. आजही पुण्यतिथीस तेथे लाखो भाविक एकाच क्षणी मौन उभे राहून श्रद्धांजली वाहतात. म्हणजे एकत्र येण्याची भूक मेलेली नाही.

दात्यांच्या उदार हस्ते मंदिर उभे राहिले, कळस चढला, फरशी बसली. त्यांचे ऋण गाव विसरणार नाही. आता त्या फरशीवर रोज सायंकाळी अर्धा तास बसण्याचे दान तेवढे प्रत्येक घराने द्यावे. ते दान देण्यास श्रीमंती लागत नाही. त्याविना हा जीर्णोद्धार अपुराच राहील, एवढीच ग्रामस्थांच्या चरणी नम्र विनंती.