मऊ भिंगाचे जनक : प्राध्यापक ओटो विख्टेर्ले

मोठा शोध लागावयाचा तर मोठी प्रयोगशाळा व विपुल द्रव्य हाताशी असले पाहिजे, असा पुष्कळांचा समज असतो. तो सर्वस्वी खरा नाही, हे दाखविणारे एक चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत. चष्म्याऐवजी थेट डोळ्यावर बसविण्याचे मऊ भिंग ज्यांनी जगास दिले, ते प्राध्यापक ओटो विख्टेर्ले ह्यांचे हे चरित्र होय.

विख्टेर्ले ह्यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९१३ रोजी मोराव्हियातील प्रोस्त्येयोव ह्या गावी झाला. वडील शेतीच्या यंत्रांच्या कारखान्याचे भागीदार. परंतु मुलाचा ओढा रसायनशास्त्राकडे होता. १९३६ साली प्राग येथे पदवी घेऊन त्यांनी संशोधनास प्रारंभ केला, तोच १९३९ साली नाझी सत्ताधाऱ्यांनी चेक विद्यापीठांस टाळे ठोकिले. तेव्हा झ्लीन येथील बाटा कंपनीच्या संशोधनशाळेत त्यांनी आश्रय घेतला. आपल्या परिचयाचे बाटाचे जोडे मूळचे ह्याच गावचे. तेथे त्यांनी नायलॉनच्या जातीचा कृत्रिम धागा तयार केला. १९४२ साली गेस्टापोने त्यांस तुरुंगात टाकिले. काही महिन्यांनी त्यांची सुटका झाली.

युद्धानंतर ते पुन्हा अध्यापनाकडे वळले. १९५२ साली आगगाडीत एका सहप्रवाशाशी बोलताना डोळ्यात बसविण्याच्या कृत्रिम भागांचा विषय निघाला. धातू शरीरास परकाच राहणार. ज्यात पाणी मुरते असा मऊ पदार्थच त्यास मानवेल, असे विख्टेर्ले ह्यांच्या मनाने घेतले. लवकरच द्राहोस्लाव लीम ह्या सहकाऱ्यासह त्यांनी तसा पदार्थ सिद्ध केला. अशा पदार्थास हायड्रोजेल म्हणतात. सब्जाचे बी पाण्यात टाकले असता त्याभोवती जो बुळबुळीत थर धरतो, तो ह्याच जातीचा. लांबलचक रेणू जागोजाग एकमेकांस बांधले जाऊन त्यांचे जाळे होते. त्यात पाणी शिरले की ते फुगते, परंतु विरघळत नाही. विख्टेर्ले ह्यांच्या जेलमध्ये सुमारे ४० टक्के पाणी राही.

पदार्थ मिळाला, पण भिंग साधेना. बंद साच्यातून काढताना त्याच्या कडा फाटत. त्यातच १९५८ साली राजकीय कारणावरून त्यांस विद्यालयातील जागा गमवावी लागली, आणि पुढे भिंगांच्या कामाचा सरकारी पाठिंबाही सुटला. तथापि ते खचले नाहीत. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरीच मुलांचा 'मेर्कूर' नावाचा धातूच्या पट्ट्यांचा व स्क्रूंचा खेळ, सायकलीचा डायनामो आणि दारावरच्या घंटेचा ट्रान्सफॉर्मर एकत्र करून एक यंत्र उभारिले. फिरत्या उघड्या साच्यात द्रवाचा थेंब पडे, फिरण्याच्या जोराने तो कडांकडे पसरे व त्याच आकारात घट्ट होई. मग पाण्यात ठेविला की तो फुगून मऊ होई. अशी पहिली चार भिंगे त्या दिवशी निघाली. पुढील काही महिन्यांत पत्नीच्या साहाय्याने हजारो झाली.

भिंगांचे हक्क पुढे अमेरिकेत विकले गेले व १९७१ साली तेथे विक्रीस परवानगी मिळाली. विख्टेर्ले ह्यांच्या वाट्यास त्या धनाचा अल्पच अंश आला. १९६८ साली त्यांनी विचारस्वातंत्र्याचा पक्ष घेतला, म्हणून १९७० साली संशोधनसंस्थेचे संचालकपदही गेले. राजवट पालटल्यावर १९९० साली ते चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. १८ ऑगस्ट १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

आज संशोधक ह्याच वाटेने पुढे जात आहेत. उष्णता, आम्लता किंवा साखर ह्यांच्या प्रमाणानुसार फुगणारी वा आक्रसणारी जेले आता करिता येतात. त्या फुगण्याने जेलचे विद्युत्‌गुण बदलतात व ते सूक्ष्म यंत्रास मोजता येतात. त्वचेवर चिकटवून घामाची, वा डोळ्यावर ठेवून अश्रूंची परीक्षा करावी, असे प्रयत्न चालू आहेत. जेल हवेत सुकते व ओढले असता फाटते, ह्या अडचणींवर अद्याप झगडावे लागतेच. तथापि उपकरणाने शरीराशी जमवून घ्यावे, शरीराने उपकरणाशी नव्हे, हे विख्टेर्ले ह्यांचे तत्त्व त्यांस वाट दाखवीत आहे.

विद्यार्थिमित्रहो, साधने तोकडी आहेत म्हणून काम थांबवू नका. आणि पालकांस आमची विनंती एवढीच की, मूल जमिनीवर स्क्रू व पट्ट्या पसरून बसले असता ते आवरून ठेवण्याची फार घाई करू नये.