गोलरक्षक रिचर्ड ॲलन

अमरावती व अकोला या वऱ्हाडी शहरांतील मैदानांवर पूर्वी हुतुतू, आट्यापाट्या आणि कुस्ती यांचेच राज्य असे. हॉकी हा प्रामुख्याने लष्करी छावण्यांतला आणि रेल्वेच्या वसाहतींतला खेळ होता. त्या खेळात तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारे गोलरक्षक रिचर्ड जेम्स ॲलन हे वऱ्हाडाशेजारच्या नागपुरातच १९०२ साली जन्मले. पुढल्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला आणि ही तिन्ही शहरे एका अंमलाखाली आली.

ॲलन हे अँग्लो-इंडियन समाजातले. त्या काळी या समाजातील बहुतेक कर्ते पुरुष रेल्वे, तारखाते, जकात अशा खात्यांत नोकरी करीत आणि संध्याकाळी हॉकी खेळत. खेळ हा पोटाचा धंदा नव्हता. मसुरीजवळ रेल्वेच्या नोकरांच्या मुलांसाठी काढलेली ओक ग्रोव्ह शाळा आणि नैनितालचे सेंट जोसेफ विद्यालय येथे ॲलन यांचे शिक्षण झाले. पुढे ते बंगालच्या संघात आले.

१९२८ साली कलकत्त्यास पाच प्रांतांचे सामने होऊन त्यांतून भारताचा पहिला ऑलिंपिक संघ निवडण्यात आला. मध्यप्रांताच्या रोक व नॉरिस यांना त्यात जागा मिळाली; गोलरक्षणाचे काम बंगालच्या ॲलन यांच्याकडे आले. मुंबईच्या धक्क्यावरून हा संघ बोटीने निघाला, तेव्हा निरोपाला अवघी तीन माणसे हजर होती.

गोलरक्षकाचे काम वरून दिसते तितके सोपे नसते. हॉकीचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूइतकाच कठीण. चार यार्ड रुंद व सात फूट उंच अशी जागा एकट्याने राखावयाची. त्या काळी पायांना पॅड आणि हातांत मोजे, एवढेच काय ते संरक्षण असे. तोंडावर जाळी नसे की डोक्यावर शिरस्त्राण नसे. जोराने आलेला चेंडू पायाने वा काठीने अडवून तो पुन्हा समोरच्याच्या काठीला लागू नये, असा बाजूला लोटावा लागे. शिवाय दहा खेळाडू पलीकडे गोलांमागून गोल करीत असता एकट्याने जागे राहावयाचे, ही आणखी निराळी परीक्षा.

ॲमस्टरडॅमला भारताने पाच सामने खेळले. ऑस्ट्रिया, बेल्जियम, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंड हे संघ हरले. २६ मे १९२८ रोजी हॉलंडशी अंतिम सामना झाला. त्या दिवशी भारताचे काही चांगले खेळाडू आजारी वा जायबंदी होते. खुद्द ध्यानचंद अंगात ताप असताना खेळले. सामना भारताने तीन गोलांनी जिंकला. पाच सामन्यांत भारताचे गोल २९ झाले. ॲलन यांच्यामागच्या जाळ्यात मात्र एकदाही चेंडू गेला नाही.

चार वर्षांनी लॉस एंजेलिसला केवळ तीनच संघ आले. ११ ऑगस्ट १९३२ रोजी अमेरिकेविरुद्ध भारताने २४ गोल केले. त्यांतले दहा एकट्या रूपसिंगांचे. अमेरिकेचा एक गोल झाला आणि तो ॲलन गोलात असताना झाला. खेळ पलीकडेच चालला असल्याने ते गोलामागच्या प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देण्यात गुंतले होते, तेवढ्यात बॉडिंग्टनने चेंडू आत मारला, अशी कथा सांगतात. कथा खरी असेल तर ती चूकच म्हटली पाहिजे; सामना संपेपर्यंत राखणदाराने जागा सोडू नये. पण ॲलन यांचे नाव निघाले की ॲमस्टरडॅमचे पाच सामने सोडून हीच एक गंमत सांगितली जाते, हेही न्यायाचे नाही.

१९३६ साली ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली ॲलन तिसऱ्यांदा निघाले. त्याच सुमारास अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही बर्लिनला आले होते. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या या मंडळाच्या तरुणांनी तेथे हुतुतू व इतर देशी व्यायामप्रकार जगापुढे मांडले. हॉकी संघाची सुरुवात बरी नव्हती. सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला एकाविरुद्ध चार गोलांनी हरविले. स्पर्धेत मात्र हंगेरी, अमेरिका, जपान आणि फ्रान्स यांपैकी कोणालाही भारतावर गोल करता आला नाही.

अंतिम सामना पुन्हा जर्मनीशीच होता. पावसामुळे तो एक दिवस लांबून १५ ऑगस्ट रोजी सुरू झाला. त्यापूर्वी खोलीत तिरंगी झेंडा उलगडून खेळाडूंनी त्याला वंदन केले. भारतावर तेव्हा परकी सत्ता होती. प्रेक्षकांत बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड होते. मैदान ओले होते आणि मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल झाला होता. अशा वेळी बरोबरीचा गोल झाला असता तर सामन्याचा रंग पालटता. पण ॲलन यांनी तो होऊ दिला नाही. उत्तरार्धात जर्मनीच्या वाइसने एक गोल केला. भारताने आठ करून सामना जिंकला.

तीन ऑलिंपिक स्पर्धांत ॲलन यांच्यावर झालेले गोल एवढेच, दोन. महायुद्धामुळे १९४० व १९४४ च्या स्पर्धा भरल्याच नाहीत. १९४८ साली स्वतंत्र भारताचा संघ लंडनला अंतिम सामन्यात उतरला, तेव्हा गोलापुढे मुंबईचे लिओ पिंटो उभे होते. ॲलन त्या वेळी ४६ वर्षांचे होते. १९६९ साली ते निवर्तले.