लेडी मेरीने मुलांना देवी का टोचून घेतल्या?

देवीचे व्रण असलेले चेहरे आता फक्त जुन्या पिढीत दिसतात. तीनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये ते सर्रास दिसत. त्यांतला एक चेहरा लेडी मेरी वर्टली मॉण्टेग्यू या सरदारकन्येचा होता.

मेरीचा जन्म १६८९चा. वडिलांच्या ग्रंथालयात बसून ती स्वतःच लॅटिन शिकली. वडिलांनी ठरवलेले स्थळ नाकारून १७१२मध्ये तिने एडवर्ड वर्टली मॉण्टेग्यूशी पळून जाऊन लग्न केले. पुढच्या वर्षी मुलगा झाला आणि त्याच वर्षी तिचा विशीतला भाऊ देवीने गेला. १७१५च्या डिसेंबरात तिला स्वतःला देवी आल्या. जीव वाचला, पण पापण्यांचे केस कायमचे गेले आणि चेहऱ्यावर खड्डे राहिले.

पुढे नवरा राजदूत म्हणून तुर्कस्तानात गेला तेव्हा तीही मुलाला घेऊन गेली. तिथे दर शरद ऋतूत म्हाताऱ्या बायका अक्रोडाच्या कवचीत सौम्य देवीचा पू घेऊन घरोघर येत आणि सुईने ओरखडा काढून तो मुलांना टोचत. आठवड्याभराने थोडा ताप, मोजके फोड आणि पुढे देवीची भीती नाही. एप्रिल १७१७मध्ये मेरीने सारा चिझवेल या मैत्रिणीला हे सगळे पत्राने कळवले. गंमत म्हणजे या पद्धतीची माहिती लंडनच्या रॉयल सोसायटीने १७१४मध्येच छापली होती. विद्वान डॉक्टरांनी ती वाचली आणि बाजूला ठेवली.

मार्च १७१८मध्ये, नवरा बाहेरगावी असताना, मेरीने पाच वर्षांच्या मुलाला टोचून घेतले. एका दंडावर गावातल्या ग्रीक म्हातारीने गंजक्या सुईने टोचले. तिचा हात थरथरत होता. दुसऱ्या दंडावर राजदूतावासाचे शल्यवैद्य चार्ल्स मेटलंड यांनी नस्तर चालवले. मुलगा सुखरूप राहिला. धाकटी मुलगी तेव्हा अवघ्या काही महिन्यांची होती. तिला मात्र मेरीने टोचू दिले नाही, कारण तिच्या दाईला कधी देवी आल्या नव्हत्या आणि टोचलेल्या मुलाकडून तो रोग इतरांना लागू शकतो. मला या बाईचे सर्वांत कौतुक वाटते ते इथे. एकाच घरात, एकाच महिन्यात दोन मुलांसाठी तिने दोन वेगळे निर्णय घेतले आणि दोन्ही योग्य होते.

१७२१मध्ये लंडनला देवीची मोठी साथ आली. आता मुलगी तीन वर्षांची होती. मेरीने मेटलंडना बोलावले, तर ते कचरले. परदेशात जे चालले त्यात इथे काही बिघडले असते तर त्यांचा धंदाच बुडाला असता. साक्षीला डॉक्टर हवेत, अशी त्यांनी अट घातली. मुलीला टोचले, ती बरी झाली. पाहायला आलेल्या डॉक्टरांपैकी एकाची मुले पूर्वी देवीने दगावली होती. त्याने उरलेल्या मुलाला लगेच टोचून घेतले. न्यूगेट तुरुंगातल्या सहा कैद्यांवर प्रयोग झाला, सहाही वाचले. १७२२च्या एप्रिलमध्ये राजघराण्यातल्या दोन मुलींना टोचले.

त्याच सुमारास एका उमरावाचा अडीच वर्षांचा मुलगा आणि दुसऱ्याच्या घरचा नोकर टोचल्यानंतर दगावले. मग काहूर उठले. पाद्री म्हणू लागले, हा देवाच्या इच्छेत हस्तक्षेप आहे. काही डॉक्टरांना अडाणी परदेशी बायकांची विद्या नको होती. ज्यांना ती हवी होती त्यांनी आधी रक्त काढणे, जुलाब देणे, खोल चिरा पाडणे अशी स्वतःची भर घातली. त्यावर चिडून मेरीने टोपणनावाने वर्तमानपत्रात लेख लिहिला. लसीकरणाच्या दिवशी आमच्या ओपीडीत बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईमागेही आजी, शेजारीण आणि मोबाइल असे तीन सल्लागार असतातच. पण आज तिला विचारता येईल अशी आकडेवारी आहे. मेरीच्या हाती फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले होते.

विरोधकांची भीती खोटी नव्हती. टोचण्यात धोका होताच, प्रश्न होता किती. रॉयल सोसायटीचे सचिव डॉ. जेम्स ज्युरिन यांनी ठिकठिकाणच्या डॉक्टरांकडून नोंदी मागवल्या आणि मोजले. देवी आलेल्या पाच-सहा माणसांत एक मरत होता, टोचलेल्या पन्नासांत एक. सारा चिझवेल १७२६मध्ये देवीनेच गेली.

मेरीने पुढची वीसेक वर्षे इटली-फ्रान्समध्ये काढली आणि १७६२मध्ये ती लंडनमध्ये स्तनाच्या कर्करोगाने वारली. त्याच्या पाच वर्षे आधी एडवर्ड जेन्नर नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला उपाशी ठेवून, रक्त काढून देवी टोचल्या होत्या. त्याच जेन्नरने १७९६मध्ये गोस्तनदेवीची कितीतरी सुरक्षित लस दिली. ती मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तिच्या दंडावरच्या फोडातून लस घेऊन मग इतर मुलांना टोचण्यात आले.